रपट्यावरची सारजाबाई

परवा यवतमाळला एका सभेत एक विद्वान वक्ते सांगून गेले की शिवाशीव चळवळींनी घालवली नाही, ती यष्टीने, सिनेमाने आणि हॉटेलांनी आपोआप घालवली. माणूस एकदा शेजारच्या माणसाबरोबर बाकावर बसून चहा प्यायला लागला की जात विसरतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बोलायला उठलो, तर वेळ संपली असं अध्यक्षांनी सांगितलं. घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. मुद्दे काढले, पण एकही मुद्दा कागदावर टिकेना. प्रत्येक मुद्द्याच्या आड सारजाबाई येऊन उभी राहायची, कमरेला पदर खोचून, हातात किटली घेऊन. शेवटी मी मुद्दे बाजूला ठेवले. उत्तर तिलाच देऊ द्यावं.

सारजाबाईचं हॉटेल पांढरकवड्याच्या नदीवर होतं. नदीचं नाव खुनी. नावाला घाबरून जावं असं तिच्यात आठ महिने काही नसे. बकरीचं पिल्लूही त्या पाण्यातून गुडघे न बुडवता जाई. नागपूरहून हैदराबादला जाणारी सडक तेव्हा नदी ओलांडायची ती एका रपट्यावरून, म्हणजे पाण्यालगतच्या बुटक्या फरशीवरून. पावसाळ्यात रपटा पाण्याखाली गेला की दोन्ही काठांवर ट्रक अडकत. बाकीच्या दिवसांत त्यांना अडवायला जंगलखात्याचा नाका होता. इमारती लाकडाचा ट्रक सूर्य बुडाल्यावर नाक्यापुढे सोडायचा नाही, असा नियम. चोरीचं सागवान अंधारात निघून जाऊ नये म्हणून. त्यामुळे दिवस कलला की लाकडाचे ट्रक नदीकाठी एकामागे एक उभे राहत, आणि उजाडेपर्यंत ड्रायव्हर-क्लीनरांना करण्यासारखं काही नसे.

ज्याला करण्यासारखं काही नाही त्याच्याभोवती बाजार भरतो. आधी एक पानठेला आला, मग पंक्चरवाला. जत्रेसाठी आलेला एक तमाशाचा तंबू जत्रा संपल्यावर परत गेलाच नाही. मग टुरिंग टाकी आली, म्हणजे तंबूतला सिनेमा. हैदराबादेकडचे कव्वाल यायचे आणि ट्रकच्या फळ्यांवर बसून गायचे. पळसाच्या झुडपांमागे मोहाची दारू मिळायची आणि तिच्यापलीकडे पत्ते. गॅसबत्त्या पेटल्या की गावातून पाहणाऱ्याला वाटे, नदीत लग्न लागलंय. या सगळ्या वस्तीला आम्ही नुसतं ‘रेती’ म्हणायचो. ‘थो रेतीवर जाते’ असं एखाद्याबद्दल म्हटलं की त्याची सोयरीक मोडायची. पण रेतीवर गर्दी कधी कमी झाली नाही, आणि ती सगळी ट्रकवाल्यांची नव्हती.

सारजाबाई आमच्याच वस्तीतली. उंच, काटक, काळीसावळी. तिचा नवरा कोण होता, तो कुठं गेला, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. छप्पन साली ती वस्तीतल्या इतरांबरोबर नागपूरला गेली ती एका ट्रकमध्ये उभी राहून, आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडून आली. महिनाभरात, देव सोडले त्याच जागेच्या वर, काठावर तिनं चूल मांडली. गावातला एक पुजारी तिला म्हणाला, “सारजे, देव बुडवले तिथंच कढई ठेवतेस, भीती नाही वाटत?”

“कायची भीती, महाराज? देव पान्यात हायेत, मी काठावर हाओ. कोनाची कोनाले अडचन नाही.”

तिची एक सवय होती. माणसाला ती नावानं हाक मारत नसे, तो काय आणतो त्यावरून त्याचं नाव ठेवायची. सागवान आणणारा तो सागवान्या, मीठ आणणारा मिठ्या, कांद्याच्या गाडीवरचा सरदारजी कांदेवाला सरदार. माझ्या काखेत कायम पत्रकांचा गठ्ठा असे, म्हणून मी पत्रक्या. माझे वडील सभांमधून पत्रकं आणायचे आणि त्यांवरच मी अक्षरं शिकलो. पाठ्यपुस्तक मला फार उशिरा भेटलं. त्यामुळे पत्रक्या म्हटलेलं मला आवडायचंच, पण तिला तसं दाखवायचो नाही.

तिच्या हॉटेलातला नियम सांगितल्याशिवाय सारजाबाई कळणार नाही. गावातल्या हॉटेलात तेव्हा आमच्या लोकांच्या कपबश्या आत नसत. बाहेरच्या भिंतीत कोनाडा असे, त्यात त्या ठेवलेल्या. आपण कप काढायचा, धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. उभ्यानं प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. धर्म बदलला, कोनाडा बदलला नाही. सारजाबाईनं आपलं हॉटेल काढलं तेव्हा आम्हाला वाटलं, इथं तरी बसून प्यावं आणि उठून जावं. पण तिनं दारात पाण्याची बादली आणि राखेचं घमेलं ठेवलं. जो चहा पिईल त्यानं आपला कप विसळायचा. जो जेवेल त्यानं आपली थाळी घासायची. तो नियम तिनं मोडला नाही. तिनं तो सगळ्यांना लावला.

ड्रायव्हर लोक आधी कुरकुरले. एक हैदराबादी म्हणाला, “अम्मा, पैसे बी हमीच देना, बर्तन बी हमीच धोना?”

“पैसा चाय का देता तू,” सारजाबाई तिच्या हिंदीत म्हणाली, “माह्या हाताचा नाही देत. हात माहे मी विकाले नाही बसली.”

त्याला अर्धंच कळलं, पण त्यानं कप विसळला. पुढे नव्या क्लीनरांना हा नियम तोच समजावून सांगायचा.

खरी गंमत झाली ती रेंजरसाहेबांच्या वेळी. नाक्यावर नवे साहेब बदलून आले होते. कडक इस्त्रीची पँट, मागे चपराशी. पहिल्याच संध्याकाळी ते हॉटेलात आले, बाकावर बसले, चहा प्यायले, चांगला आहे म्हणाले, आणि उठताना रिकामा कप चपराशाच्या हातात दिला. चपराशी बादलीकडे वळला.

“थांब रे भाऊ,” सारजाबाई म्हणाली. “तू चाय पेला का?”

“नाही बाई.”

“मंग तू कायले विसळतं?”

साहेब म्हणाले, “बाई, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?”

“माहीत हाये ना साहेब. नाका तुमचा, जंगल तुमचं, हे सारे ट्रक तुमच्या मुठीत. पन कप माहा हाये.”

साहेब तसेच उभे राहिले. सारजाबाईनं वाद घातला नाही. तिनं किटलीवर झाकण ठेवलं, चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि मांडी घालून बसली. “आता कोनालेच चाय नाही.”

ड्रायव्हर लोकांत चुळबुळ सुरू झाली. रेंजरशी वाकडं घेणं कोणालाच परवडणारं नव्हतं, आणि सारजाबाईशीही नाही. शेवटी तोच हैदराबादी पुढे झाला. हात जोडून म्हणाला, “साब, धो डालो ना. एक कप का सवाल है. सुबह तलक हमना बिना चाय के मार डालते क्या?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. साहेबांना हसू आवरेना, आणि हसणारा माणूस ताठ उभा राहू शकत नाही. त्यांनी कप घेतला, बादलीशी वाकले. पाणी पँटीवर उडालं. कप पालथा घालणार तोच मागून सारजाबाईचा आवाज आला, “बुडाले साखर राह्यली साहेब.”

त्यांनी तो पुन्हा विसळला. पुढे बदली होईपर्यंत साहेब रोज येत. कोणी नवा अधिकारी दौऱ्यावर आला की त्याला मुद्दाम तिथं आणत, काही न सांगता चहा पाजत, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहत बसत. सारजाबाईनं मात्र त्यांचं नाव काही बदललं नाही. ते कधी काही आणत नसत, म्हणून ते अखेरपर्यंत ‘रिकामेसाहेब’च राहिले. तोंडावर ती एवढंच म्हणे, “या साहेब.”

रेतीबद्दल माझं मत तेव्हा जे होतं ते आजही आहे. दारूनं आमच्या वस्तीतली घरं खाल्ली, आणि तमाशाच्या तंबूत शिट्ट्या मारणाऱ्यांतला कोणीही त्या नाचणाऱ्या पोरींना माणूस समजत नव्हता. मी आणि वस्तीतल्या चार तरुणांनी मिळून ‘रेतीवरची दारू बंद करा’ असं पत्रक काढलं. सारजाबाईच्या हॉटेलात बाटली चालत नसे. आत येणाऱ्यानं ती वहाणेसारखी बाहेर ठेवायची. म्हणून पत्रकं तिच्याकडे ठेवायला नेली.

“मावशी, तुम्ही फक्त वाटा.”

“कोनाले? याइच्यातल्या अर्ध्याइले वाचता येते का? चढ बाकावर. वाच.”

मी चढलो. माझा आवाज तेव्हा मोठा होता. भांडवलशाही, मद्यासुर, श्रमिकांच्या घामाचा थेंब, सगळं वाचलं. तोवर बाहेरचे पिणारेही दारात गोळा झाले होते. वाचून संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एक झोकांड्या खाणारा ड्रायव्हर डोळे पुसत ओरडला, “वा! फिर से! वो घाम वाला फिर से!” मला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

लोक पांगल्यावर सारजाबाई म्हणाली, “पत्रक्या, लिहतं त चांगलं. पन तू त्याइले शिव्या देऊन राह्यला अन् थे खूश होऊन राह्यले. आता शिवी चुकली का मानूस चुकला, थे तू पाह्य.”

तिची जरब मात्र पत्रकाशिवाय चालायची. तंबूतल्या पोरी जेवायला आल्या की त्यांना आधी वाढायचं, मग बाकीच्यांना. त्यांच्याकडे कोणी वाईट नजरेनं पाहिलं की ती पळी उगारून म्हणायची, “जे म्हनाचं थे तोंडानं म्हन. डोयानं नको म्हनू.” तोंडानं म्हणायची हिंमत कोणाला होत नसे.

आमच्याच लोकांनाही ती नकोशी होती. वस्तीत एकदा बैठक बसली. बुद्धाच्या धम्मातली बाई रात्री ट्रकवाल्यांना भाकरी वाढते, यानं वस्तीचं नाव जातं, असं जाणती मंडळी म्हणाली. सारजाबाई मागे बायकांत बसली होती. ती उभी राहिली.

“मले काय हौस हाये रात्रीची? गावात जागा द्या. यष्टी स्टँडापाशी द्या. उद्या चूल हलवते अन् भर उन्हात भाकर वाढते.”

गावात जागा वस्तीच्या हातात नव्हतीच.

तिला हवं होतं ते एवढंच, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. तिला दिवसाचं हॉटेल काढायचं होतं. रेतीवर सगळ्या जातींची माणसं तिच्या हातचं खायची, ती त्यावर खूश नव्हती. “रात्री पेलेला चाय सपनातला असते,” ती म्हणायची. “सकाळी इचारलं त म्हनते, मी कुठी गेलतो?”

हे ती कोणाबद्दल म्हणते ते सगळ्यांना माहीत होतं. गावातले बापूसेठ. धान्याचं मोठं दुकान, देवळाच्या पंचांत नाव, घरात कांदा-लसूण वर्ज्य. सारजाबाई दिवसा त्यांच्याच दुकानातून ज्वारी आणायची. सेठ सुटे पैसे तिच्या हातावर ठेवत नसत, फळीवर टाकत. तिनं वेचून घ्यायचे. आणि आठवड्यातून दोनदा, अंधार पडला की, हेच सेठ वाळूत आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन नदीच्या कडेकडेनं यायचे. चुलीच्या मागे, जिथे उजेड पोचत नसे, तिथं बसायचे. मटणाचा रस्सा आणि गरम भाकर. तव्यावरची भाकर तिच्या हातातून घेताना बोटं पोळायची, पण सोडायचे नाहीत. अशा घासून चकचकीत केलेल्या थाळ्या मी दुसऱ्या कोणाच्या पाहिल्या नाहीत. सारजाबाई त्यांना ‘चपलेसेठ’ म्हणायची, आणि हंडीतली कलेजी त्यांच्यासाठी काढून ठेवायची.

मला ते पाहवत नसे. “मावशी, हा दिवसा तुमच्या हाताला हात लावत नाही, आणि तुम्ही याला कलेजी वाढता?”

“अरे, दिवसा त्याच्यापाशी बायको असते, मुनीम असते, पंच असते, देव असते. एवढ्याइच्या गर्दीत मानूस मोकळा कसा होईन? इथी बसला का त्याच्या तोंडाकडे पाह्य. लेकरावानी जेवते.”

ती हे दयेनं म्हणत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की जो एकदा मोकळा झाला तो कधी ना कधी उजेडातही होईल. तिचा तो हिशेब होता, आणि दिवसाचं हॉटेल त्यावरच उभं राहायचं होतं.

पुढे नदीवर पूल बांधायला घेतला. गंमत अशी की रेतीचे सगळ्यात भरभराटीचे दिवस तेच. पुलाचे मजूर, मुकादम, इंजिनिअर, सगळे रेतीवर. टाकीचे दोन-दोन खेळ व्हायचे. ज्या पुलामुळे रेती संपणार तो पूल बांधणारी माणसं रेतीवरच जेवत होती, आणि सारजाबाई त्यांना वाढताना म्हणायची, “खा बाप्पा. मजबूत बांधा.”

पूल झाला. नाकाही तिथून हलून लांब गेला. ट्रक वरून जायला लागले. ओळखीचे ड्रायव्हर पुलावरून जाताना भोंगा वाजवायचे, सारजाबाई खालून पळी हलवायची. पण उंच पुलावरून खाली उतरायला कोणाला वेळ होता? टाकीवाला आधी गेला. तंबू एका पावसाळ्यात वणीकडे गेला तो आला नाही. पानठेला, पंक्चरवाला सडकेच्या नव्या वळणावर सरकले. पत्त्यांचा अड्डा आणि मोहाची दारू मात्र गावाच्या बोळांत शिरली. त्यांना जागा द्यायला गावात कोणी नाही म्हटलं नाही. वर्षाभरात रेतीवर चुलींचे काळे दगड आणि म्हशी राहिल्या.

सारजाबाई रडली नाही. तिच्या दृष्टीनं आता वेळ आली होती. यष्टी स्टँडासमोर एका सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी आपल्या गाळ्याचा अर्धा भाग तिला दिला. रेतीवरच्या शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी बापूसेठ आले. जेवण झाल्यावर थोडा वेळ घुटमळले.

“सारजाबाई, तुझ्या भल्याचं सांगू का? चहा तूच कर, तुझ्यासारखा कोणाला जमत नाही. पण मागे बसून कर. पुढे गल्ल्यावर एखादा दुसरा माणूस ठेव, मी देतो पाहून. पाटीवर देवाबिवाचं नाव घाल. मग बघ, सगळं गाव येईल.”

“तुमी याल का सेठ?”

“मी पहिला येईन.”

“अन् माहं नाव लिहलं त?”

सेठनी चपला उचलल्या. मला वाटतं, ते वाईट मनानं सांगत नव्हते. त्यांना खरंच तिच्या चहाची काळजी होती.

पाटी मी रंगवली. माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून. ‘सारजाबाईचे हॉटेल’ असं मोठं, आणि खाली बारीक: ‘आपला कप आपण विसळावा’. चाचांनी ती ठोकली. पहिल्या दिवशी सारजाबाईनं चांगलं लुगडं नेसलं, हंडाभर दूध घेतलं. वस्तीतली माणसं आली, चाचांचे मित्र आले, दोन-तीन कंडक्टर आले. पाटी वाचून एक कंडक्टर म्हणाला, “बाई, हे बारीक अक्षर पुसून टाका. गिऱ्हाईक बिचकतं.” तिनं पुसलं नाही.

गाव आलं नाही. रेतीवर वर्षानुवर्षं जेवलेली माणसं समोरून जायची. कोणाला एकदम घड्याळ पाहायचं असे, कोणाला रस्त्यापलीकडचं काम आठवे. पाटीलवाड्यातला एक जण तर रोज तिथं आला की छत्री उघडायचा, ऊन असो नसो. सारजाबाई कोणाला हाक मारत नव्हती. दूध संध्याकाळी वस्तीतल्या लेकरांना वाटून टाकायची.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात बापूसेठच्या दुकानातला गडी आला, हातात मोठी पितळी किटली. “सेठनं सांगतलं, हे भरून दे. रोज सकाळ-संध्याकाळ लागन. दुकानातले सारे पितात.”

मी तिथंच होतो. त्या एका किटलीवर हॉटेल चाललं असतं. चाचा डोळ्यांनी तिला ‘भर, भर’ म्हणत होते. सारजाबाईनं किटली हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. “चांगली हाये रे किटली. कोनाच्या दुकानातून चाय आनली म्हनून सांगता तिथी?”

गडी खाली पाहायला लागला.

“सेठले सांग, चाय गरमच चांगली लागते. इथी येऊन पेजो म्हना.” आणि तिनं रिकामी किटली परत दिली.

त्या रात्री मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘अंधारात जेवणाऱ्यांनो!’ खाली गावातल्या प्रतिष्ठितांची नावं, कोण कशाची मागणी करायचा त्यासकट. माझ्या सगळ्या पत्रकांत तेच सगळ्यात चांगलं होतं, अजूनही वाटतं. सकाळी तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“हे छापू नको.”

“का मावशी? खोटं आहे का एक तरी अक्षर?”

“खोटं नाही म्हनूनच सांगून राह्यली. माह्या चुलीपुढे बसून जेवलेल्या मानसाचं नाव मी चवाट्यावर मांडू देनार नाही.”

“पण ते तुमच्या दारात येत नाहीत!”

“नाही येत त नाही येत. पन जेवले थे जेवले. जेवनारा मानूस उघडाच असते, पत्रक्या. त्याच्यावर धोंडा नाही मारत.”

मी तिच्याशी भांडलो. चोरी करणाऱ्याला आपण झाकून ठेवतो म्हणून चोरी चालते, असं म्हणालो. मला तिचं म्हणणं तेव्हा पटलं नाही आणि आज, हे लिहितानाही, पुरतं पटलेलं नाही. पण चूल तिची होती. पत्रक छापलं नाही.

मग हॉटेल वाचवणार कोण? ज्यांचा विचार तिनं केला नव्हता आणि मीही केला नव्हता ती माणसं बाजाराच्या दिवशी दारात आली. डोंगराकडच्या कोलाम आदिवासी बाया. मोळ्या, झाडू, चारं-टेंभरं ही रानफळं विकायला येणाऱ्या. गावातल्या कोणत्याच हॉटेलात त्यांना कोणी बोलावत नसे, म्हणून कोनाड्याचाही प्रश्न नव्हता. चुलीचा वास घेत त्या सारजाबाईच्या दारासमोर येऊन बसल्या, रस्त्यावर, धुळीत. एकीनं पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला. चहा यात ओत, अशी खूण.

सारजाबाईचा पारा चढला. तिच्या दारात, तिच्या पाटीखाली कोणी धुळीत बसून द्रोण पुढे करतं! रेंजरला वाकवणारी तीच जरब आणून ती ओरडली, “उठा! वर बाकावर बसा! खाली नाही बसाचं इथी!”

बाया उठल्या. पण बाकावर बसायला नाही. मोळ्या डोक्यावर घेतल्या आणि भराभर निघून गेल्या. एवढ्या चढ्या आवाजात ‘उठा’ म्हणणारी माणसं त्यांना एकाच जातीची माहीत होती: जंगलखात्याची.

सारजाबाई दारात उभीच राहिली. “म्यां काय त्याइले मारलं का रे?” असं तिनं मला विचारलं. त्या दिवशी चहाही नीट झाला नाही. पुढच्या बाजाराला बाया आल्या त्या रस्त्याच्या पलीकडेच बसल्या. तिनं हाका मारल्या, हात केले; त्या हसल्या, पण आल्या नाहीत. मी तिला इतकी हरलेली कधी पाहिली नव्हती. सेठ आले नाहीत तेव्हाही नाही.

त्याच सुमारास मला ढाणकीकडे शाळामास्तरची नोकरी लागली. निघालो तो दिवस बाजाराचा. सकाळी तिच्याकडे चहा घेतला, पाया पडायला वाकलो तर तिनं खांदा धरून उभं केलं. “पत्रक्या, पोराइले शिव्या नको शिकवू,” एवढंच म्हणाली. बसमध्ये जाऊन बसलो. कंडक्टरचा पत्ता नव्हता. खिडकीतून हॉटेल समोरच दिसत होतं. पलीकडे बापूसेठचा गडी दुकानाच्या फळ्या काढत होता.

एक म्हातारी कोलाम बाई आली. डोक्यावरची मोळी उतरवली आणि हॉटेलाच्या जरा अलीकडे, धुळीत बसली. सारजाबाई बाहेर आली. आता ओरडणार, असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं लुगडं सावरलं आणि भर रस्त्यात, भर उन्हात, म्हातारीशेजारी धुळीत बसली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. तिनं बाजारात कानावर पडलेल्या मोडक्या कोलामीत काहीतरी विचारलं असावं, कारण म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग म्हातारी बोलायला लागली. सारजाबाई ऐकत होती, मान हलवत होती. मध्येच तिनं मोळीतलं एक लाकूड उपसून पाहिलं, परत खोचलं. कोणतीच घाई नव्हती.

कंडक्टर आला, घंटी वाजली. बस मागे घेऊन वळवेपर्यंत सारजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठत होती, आणि तिच्याबरोबर म्हातारीही उठली. दोघी पाटीखालून आत गेल्या. मोळी बाहेरच राहिली.